निराश्रिताचा आश्रय : स्तोत्रसंहितेचे ख्रिस्ती वाचन

हिब्रू बायबलमधील स्तोत्रसंहिता हा १५० कवनांचा, पाच भागांत रचलेला संग्रह आहे. त्यांपैकी ७३ स्तोत्रांच्या शीर्षकांत दावीदाचे नाव येते. मात्र संग्रहाची घडण अनेक हातांची आणि अनेक शतकांची आहे, याविषयी अभ्यासकांत आज फारसा मतभेद उरलेला नाही. यहुदी परंपरा या ग्रंथाला 'तेहिल्लीम', म्हणजे स्तवने, असे संबोधते. मराठी ख्रिस्ती परंपरेने त्याला दिलेले 'स्तोत्रसंहिता' हे नावही स्तुतीचाच निर्देश करते. प्रत्यक्षात मात्र या संग्रहात सर्वाधिक संख्या विलापाच्या कवनांची आहे. हेर्मान गुंकेल या जर्मन पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी स्तोत्रांचे प्रकारशः वर्गीकरण केले, तेव्हा ही गोष्ट विशेष ठळकपणे पुढे आली. स्तुतीचे नाव धारण करणारा हा ग्रंथ बहुतांशी संकटग्रस्ताच्या हाकेचा ग्रंथ आहे, आणि या हाकेच्या केंद्रस्थानी 'आश्रय' ही कल्पना आहे.

ख्रिस्ती वाचक हा आश्रय ख्रिस्ताच्या ठायी शोधतो. स्तोत्रसंहितेच्या द्वारे ख्रिस्तात तारण लाभते, ही त्याची शतकानुशतकांची श्रद्धा आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढे येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. या कवनांत येशूचे नाव कोठेही नाही, आणि ती त्याच्या जन्मापूर्वी कित्येक शतके गायिली जात होती. मग त्यांतील आश्रय 'ख्रिस्ताचा' कसा झाला? सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. श्रद्धाळू भाष्यकार म्हणतो, ही भाकिते होती आणि ती पूर्ण झाली. इतिहासनिष्ठ समीक्षक म्हणतो, हे मागाहून केलेले आरोपण आहे. पहिल्या उत्तरात कवितेचे कवितापण हरवते, कारण ती केवळ पुराव्याचा कागद ठरते. दुसऱ्या उत्तरात वाचनाचा इतिहास ही एक चूक ठरते, आणि दोन हजार वर्षे इतक्या वाचकांना त्या चुकीतून काय लाभले याचा उलगडा होत नाही. प्रतिमांच्या प्रवासाचा माग काढला, तर तिसरे आणि अधिक समाधानकारक उत्तर हाती येते. शुभवर्तमानकारांनी स्तोत्रांतील आश्रयाच्या प्रतिमा येशूच्या चरित्रात आणल्या खऱ्या. पण त्या आणताना त्यांनी आश्रयदात्यालाच निराश्रित केले. ख्रिस्ती वाचनाचे सारे बळ, आणि त्याची सारी जोखीमही, या एका उलटापालटीत आहे.

प्रथम मूळ हिब्रू शब्दसृष्टी पाहणे आवश्यक आहे. आश्रय घेण्यासाठी स्तोत्रांत वारंवार येणारे क्रियापद 'हासा' हे आहे. संग्रहाची प्रस्तावना मानल्या जाणाऱ्या पहिल्या दोन स्तोत्रांपैकी दुसऱ्याची अखेरच परमेश्वराचा आश्रय घेणाऱ्यांना धन्य म्हणून होते. जणू पुढील सर्व कवनांची किल्ली तेथे ठेवलेली आहे. या क्रियापदाभोवती प्रतिमांचे दोन समूह आढळतात. एक कठीण आणि उंच गोष्टींचा : खडक, कडा, गड, दुर्ग, ढाल. दुसरा मृदू आणि सजीव गोष्टींचा : सावली आणि पंख. अठराव्या स्तोत्राच्या आरंभी पहिल्या समूहातील शब्द एकापाठोपाठ एक असे येतात की, शत्रूपासून पळणारा माणूस धापा टाकीत बोलत आहे असे वाटावे. सतराव्या, छत्तिसाव्या, सत्तावन्नाव्या, एकसष्टाव्या, त्रेसष्टाव्या आणि एक्याण्णवाव्या स्तोत्रांत पंखांची प्रतिमा येते. कठीण आणि मृदू यांची ही जोडणी हेच हिब्रू आश्रयकल्पनेचे वैशिष्ट्य होय. दगडासारखा अढळ आणि पक्षिणीसारखा ऊबदार असा एकच आश्रय कवीला हवा आहे.

मराठी भाषांतरात या शब्दांना लाभलेले प्रतिशब्द उद्बोधक आहेत. 'मिसगाव' या हिब्रू शब्दात पोहोचता न येणाऱ्या उंचीचा अर्थ आहे, आणि 'दुर्ग' या शब्दाची व्युत्पत्तीही जेथे जाणे कठीण अशा स्थळाचीच आहे. 'गड' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात सह्याद्री उभा राहतो. यहूदाच्या ओसाड डोंगरांत शौलाला चुकवीत फिरणारा दावीद त्यामुळे त्याला परका वाटत नाही. उलट 'शरण' हा शब्द सर्वस्वी सोयीचा नाही. मराठीत शत्रूलाही शरण जातात. त्या शब्दात पराभवाची छटा मिसळलेली आहे. 'हासा' या क्रियापदात पराभव नाही, धाव आहे. म्हणून मराठी बायबलात 'आश्रय' हा शब्द रूढ झाला, ते उचितच झाले.

प्राचीन काळी हीच अडचण ग्रीक भाषांतरकारांनी वेगळ्या रीतीने सोडविली होती. ख्रिस्तपूर्व काळात सिद्ध झालेल्या 'सेप्टुआजिंट' या भाषांतरात देवाला 'खडक' म्हणणे बहुधा टाळलेले दिसते. त्या जागी 'देव' किंवा 'साहाय्यकर्ता' असे शब्द येतात, आणि 'आश्रय घेणे' याचे रूपांतर पुष्कळदा 'आशा ठेवणे' असे होते. परिणामी आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने वाचलेली ग्रीक स्तोत्रे मूळ हिब्रूच्या मानाने काहीशी अमूर्त होती. स्थळाची जागा मनोवृत्तीने घेतली होती. एखाद्या व्यक्तीच्या ठायी आश्रय असू शकतो या कल्पनेला या भाषांतराने नकळत वाट मोकळी करून दिली, असे म्हणता येते. खडकावर चढता येते; आशा मात्र कोणावर तरीच ठेवावी लागते.

'तारण' या दुसऱ्या कळीच्या शब्दाचा विचारही असाच करावयास हवा. हिब्रूतील 'येशुआ' या नामाचा अर्थ सुटका, तारण. 'येशू' हे नाव त्याच धातूशी संबंधित आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात नावाचा हा अर्थ स्पष्ट केलेला आहे. परंतु स्तोत्रांतील तारण प्राधान्याने या जगातले आहे. रोगातून उठणे, खोट्या आरोपातून सुटणे, शत्रूच्या वेढ्यातून निसटणे, असा त्याचा आशय असतो. मृतांच्या लोकाला, 'शेओल'ला, या कवींच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. तेथे गेलेला देवाची स्तुती करू शकत नाही, अशी तक्रार ते करतात. तारणाची त्यांची लाडकी प्रतिमा अवकाशाची आहे. एकशे अठराव्या स्तोत्रात कवी 'मेत्सार'मधून, म्हणजे अरुंद जागेतून, हाक मारतो आणि त्याला उत्तर मिळते ते 'मेरहाव'मध्ये, म्हणजे मोकळ्या विस्तारात. एकतिसाव्या स्तोत्रातही पाय प्रशस्त जागी उभे केल्याबद्दल कृतज्ञता आहे. येथे मराठी शब्द अनपेक्षितपणे मूळाच्या जवळ जातो. 'संकट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'अरुंद, दाटीची जागा' असाच आहे. 'तारण' शब्दात मात्र 'तृ' धातूतले तरून जाणे आहे, प्रवाहाच्या पैलतीराला लागणे आहे. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाचक संकट अनुभवतो ते हिब्रू प्रतिमेने आणि सुटतो तो भारतीय प्रतिमेने. भवसागर ओलांडण्याची कल्पना स्तोत्रकाराजवळ नव्हती. त्याला नदीपार जायचे नव्हते. याच तीरावर, जिवंतांच्या भूमीत, श्वास घेण्यापुरती जागा हवी होती.

ऐहिक सुटकेची ही कविता मृत्यूपलीकडील तारणाची कविता कशी झाली, याचे एक नेमके स्थळ दाखविता येते. सोळाव्या स्तोत्राच्या अखेरीस कवी असा विश्वास प्रकट करतो की, देव आपल्या भक्ताला 'शहत' पाहू देणार नाही. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'खड्डा', अर्थात कबर, असा घेतला जातो. ग्रीक भाषांतरकाराने तेथे 'कुजणे' या अर्थाचा शब्द योजला. अकाली मरणातून वाचविण्याची प्रार्थना अशा रीतीने देहाच्या अविनाशाची ग्वाही बनू शकली. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातील पेत्राचे भाषण याच शब्दावर आधारलेले आहे : दावीद मेला, पुरला गेला, त्याची कबर सर्वांना ठाऊक आहे, म्हणून हे शब्द पुनरुत्थित ख्रिस्ताविषयीचेच असले पाहिजेत. भाषांतरातील एका शब्दाने कवितेचे क्षितिज किती बदलू शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि शुभवर्तमानांचे खरे वाङ्मयीन सामर्थ्य अशा युक्तिवादात नसून कथनात आहे. आश्रयाचे सर्वांत विख्यात स्तोत्र एक्याण्णवावे. पंखांची सावली, रात्रीच्या भयापासून अभय, पाय दगडाला लागू नये म्हणून जपणारे देवदूत, असे संपूर्ण संरक्षणाचे आश्वासन त्यात आहे. मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या एका गुंडाळीत हे स्तोत्र भूतबाधा-निवारणाच्या मंत्रगीतांसोबत आढळते. म्हणजे दुष्ट शक्तींविरुद्ध त्याचा वापर प्राचीन काळीच होत होता. आता मत्तय आणि लूक यांनी हे स्तोत्र कोणाच्या मुखी घातले आहे, ते पाहावे. ते येशूच्या मुखी नाही. ते सैतानाच्या मुखी आहे. भुताखेतांना पळविणारे स्तोत्र सैतानच म्हणून दाखवितो, आणि मंदिराच्या उंच टोकावरून उडी घेण्यासाठी येशूला डिवचतो. त्या टोकासाठी योजलेला 'प्तेरिगिओन' हा ग्रीक शब्द 'पंख' या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप आहे. पंखांच्या आश्रयाचे स्तोत्र मंदिराच्या 'पंखा'वर उभे राहून उच्चारले जाते आणि येशू तो आश्रय नाकारतो. विमाकवचासारखे वापरावयाचे संरक्षण त्याला नको आहे. शुभवर्तमानांत या स्तोत्राचे उघड अवतरण येते ते केवळ या प्रसंगी, ही बाब ख्रिस्ती आश्रयकल्पनेचा विचार करताना विसरता येत नाही.

याच प्रतिमेची पुढील पावलेही लक्षणीय आहेत. चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात चिमणीला आणि पाकोळीला परमेश्वराच्या वेदीपाशी घरटे लाभते, आणि यात्रेकरू कवी त्या पाखरांचा हेवा करतो. मत्तयाच्या आठव्या अध्यायात येशू म्हणतो की, कोल्ह्यांना बिळे आहेत, पाखरांना घरटी आहेत, परंतु त्याला स्वतःला डोके टेकायला ठाव नाही. तेविसाव्या अध्यायात तोच यरुशलेमकडे पाहून शोक करतो, तेव्हा कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसे या नगरीच्या लेकरांना एकत्र करण्याची इच्छा बोलून दाखवितो. आणि ती इच्छा नाकारली गेल्याचेही सांगतो. स्तोत्रांत जे पंख परमेश्वराचे होते, ते येथे येशू स्वतःचे म्हणून पसरतो. ख्रिस्तात आश्रय शोधणाऱ्या वाचनाचा पाया खरे तर या वाक्यात आहे. पण पंख पसरणारा स्वतः घरट्यावाचून आहे आणि त्याच्या पंखांखाली यायला कोणी तयार नाही, हेही त्याच कथनात आहे.

क्रुसाच्या प्रसंगी ही रेषा टोकाला जाते. मार्काने बाविसाव्या स्तोत्राचा केलेला उपयोग समीक्षकांनी बारकाईने न्याहाळला आहे. वस्त्रे वाटून घेण्याचा तपशील स्तोत्राच्या उत्तरार्धाजवळ आहे, तो मार्काच्या पंधराव्या अध्यायात आधी येतो. माना हलवून केलेली टवाळी स्तोत्रात त्याच्या आधी आहे, ती येथे मागाहून येते. स्तोत्राचा आरंभ असलेला, देवाने टाकून दिल्याचा आक्रोश सर्वांत शेवटी येतो. स्तोत्र विलापापासून स्तुतीकडे चढत जाते. मार्काचे कथन ते उलटे वाचीत विलापाच्या मुळाशी उतरते. आरंभीची ओळ उच्चारली म्हणजे पुढचे संपूर्ण स्तोत्र, त्यातल्या स्तुतीसह, अभिप्रेत असते, असे समाधान काही भाष्यकार करतात. मार्काने स्वीकारलेला हा उलटा क्रम त्या समाधानाला अनुकूल नाही. स्तुतीचा उत्तरार्ध येशूच्या मुखी येतो, पण तो इब्रींस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, पुनरुत्थानावरील श्रद्धेच्या प्रकाशात. क्रुसावर मात्र आक्रोश आक्रोशच राहतो.

लूक मात्र या क्षणी एकतिसावे स्तोत्र निवडतो. मूळ स्तोत्रात आत्मा देवाच्या हाती सोपविण्याची भाषा आहे आणि तेथील क्रियापद 'ठेव म्हणून सुपूर्त करणे' या अर्थाचे आहे. स्तोत्रकार मरत नाही. त्याला जगायचे आहे, आणि सुरक्षित राहावी म्हणून तो आपल्या प्राणाची ठेव देवापाशी ठेवतो. लूकाच्या कथनात तीच प्रार्थना मरणाऱ्याचा अखेरचा उच्चार होते. याच लेखकाचा दुसरा ग्रंथ 'प्रेषितांची कृत्ये'. त्याच्या सातव्या अध्यायात स्तेफन दगडांच्या वर्षावात मरण पत्करतो आणि आपला आत्मा स्वीकारण्याची विनंती करतो. ही विनंती थेट प्रभू येशूला उद्देशून आहे. स्तोत्रकार परमेश्वराला म्हणतो, येशू पित्याला म्हणतो, स्तेफन येशूला म्हणतो. प्रार्थनेचा साचा एकच. बदलले आहे ते संबोधन. परमेश्वराचा आश्रय 'ख्रिस्ताचा' झाला तो क्षण शोधावयाचा असेल, तर तो या तीन पायऱ्यांवर सापडतो. आणि तिसऱ्या पायरीवरील माणसालाही दगडांपासून अभय मिळालेले नाही. आश्रय मिळाला तो मरणातून वगळले जाण्याच्या रूपाने नव्हे. ज्याने मरणात हीच प्रार्थना केली होती, त्याच्या सोबतीच्या रूपाने.

स्तोत्रांचे हे वाचन शक्य झाले याला त्यांच्या रचनेतही कारण आहे. विलापस्तोत्रांतील 'मी' कमालीचा मोकळा आहे. रोग कोणता, शत्रू कोण, आरोप काय, यांचा तपशील कवी सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीतील पीडिताला त्या 'मी'मध्ये शिरता येते. संत ऑगस्टीन याने स्तोत्रांवरील आपल्या विस्तृत प्रवचनांत या मोकळेपणालाच सिद्धान्ताचे रूप दिले. त्याच्या मते स्तोत्रांत बोलणारा 'समग्र ख्रिस्त' आहे : मस्तक ख्रिस्त आणि देह मंडळी, दोघांचा आवाज एक. पापाची कबुली देहाची, निर्दोषतेचा दावा मस्तकाचा. या मांडणीने वाचकाला ख्रिस्ताकडे नुसते पाहायचे नसते, त्याच्या आवाजात बोलायचे असते. इ. स. ४३० मध्ये वँडलांनी हिप्पो या नगराला वेढा दिला असताना ऑगस्टीन तेथे मरणशय्येवर होता. पश्चात्तापाची काही स्तोत्रे लिहून त्याने ती समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती आणि ती वाचीत तो अश्रू ढाळी, असे त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो. नगराची तटबंदी बाहेरून वेढलेली आणि आतल्या भिंतीवर स्तोत्रे : आश्रयाची अशी मूर्त प्रतिमा इतिहासात विरळ.

मार्टिन ल्यूथरच्या ठायी हीच परंपरा वेगळे वळण घेते. १५१३ ते १५१५ या काळात त्याने विटेनबर्ग येथे स्तोत्रांवर व्याख्याने दिली, आणि पुढे शेहेचाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेले दुर्गाचे प्रसिद्ध गीत रचले. मूळ स्तोत्र देवाला आश्रय म्हणते आणि याकोबाच्या देवाचे नाव घेते. ल्यूथरच्या गीतात दुसऱ्याच कडव्यात लढणारा वीर म्हणून येशू ख्रिस्ताचे नाव येते. लूकाने सूक्ष्मपणे केलेला संबोधनबदल येथे उघड रणघोषणा होतो. गीताचे ओज निर्विवाद असले, तरी निराश्रित ख्रिस्ताची कल्पना येथे मागे पडते. दुर्ग पुन्हा केवळ दुर्ग उरतो. चर्चच्या इतिहासात आश्रयाची भाषा जेव्हा जेव्हा विजयाची भाषा झाली, तेव्हा तेव्हा स्तोत्रांतील पंखांचा विसर पडलेला दिसतो.

मराठीत या प्रश्नाला एक स्वतंत्र पदर आहे. मराठी कवीपाशी आश्रयाची सिद्ध आणि समृद्ध भाषा आधीच होती. वैष्णव परंपरेने शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत. रक्षणकर्ता म्हणून देवाला वरणे आणि स्वतःचे दैन्य ओळखणे ही त्यांतील दोन. रामदासांची करुणाष्टके, तुकारामांचे देवाशी भांडण, चोखामेळ्याचे महाद्वाराबाहेरचे उभे राहणे, यांतून विलापाची भाषा घडलेली होती. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. 'अभंगांजली'तील त्यांची रचना म्हणजे स्तोत्रांची भाषांतरे नव्हेत. पण लूकाने जे केले तेच टिळक दुसऱ्या सामग्रीवर करतात. विठ्ठलाला उद्देशून घडलेली संबोधने ते ख्रिस्ताकडे वळवितात. ख्रिस्ताला ते माउली म्हणतात. पक्षिणी आणि तिची पिले ही संतकाव्यातील प्रतिमा आणि यरुशलेमसाठी पंख पसरणारी कोंबडी यांची भेट या एका शब्दात घडून येते. हिब्रू आश्रयकल्पनेतील मृदू समूह मराठीत असा आपल्या घरी येतो.

त्याचबरोबर या भेटीत काही गळून जाते, हेही नोंदविले पाहिजे. स्तोत्रकार केवळ दीन नसतो, तो दावेदार असतो. देवाने आपल्या लोकांशी करार केला आहे आणि त्या कराराचे स्मरण देऊन तो न्याय मागतो. त्याच्या विलापात न्यायालयाचा सूर आहे. गरिबांना लुटणारे, लाच खाणारे, खोटी साक्ष देणारे त्याच्या कवितेत पावलोपावली भेटतात. टिळकांच्या भक्तिकाव्याचा कल अंतरंगाच्या मीलनाकडे आहे. गड आणि ढाल, शत्रू आणि न्यायासन ही कठीण बाजू तेथे क्षीण होते. ही बाजू मराठीत उभी राहिली, ती कवितेपेक्षा कृतीत. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली आणि स्त्रियांना केडगाव येथे आणून वसविले आणि त्या वसतीला 'मुक्ती' हे नाव दिले. हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे कामही त्यांनी तेथेच, १९२२ मधील आपल्या मृत्यूपूर्वी, तडीस नेले. आश्रय आणि तारण हे दोन शब्द येथे एका छपराखाली आले. उपाशी मुलीला भाकरी आणि निवारा देणारे तारण हे स्तोत्रकाराला सहज ओळखता आले असते, कारण ते याच तीरावरचे आहे.

एक गंभीर आक्षेप शेवटी उरतो. स्तोत्रे ज्यांची आहेत ते यहुदी लोक आजही ती आपलीच प्रार्थना म्हणून म्हणतात. बाविसावे स्तोत्र तालमूद एस्तेर राणीच्या संदर्भात वाचते. आपल्या लोकांसाठी जीव धोक्यात घालून राजापुढे निघालेल्या स्त्रीचा तो आक्रोश आहे. ख्रिस्ती वाचनाने स्तोत्रांवर एकाधिकार सांगितला, तर आश्रयाचे काव्य मूळ मालकाला बेघर करणारे काव्य ठरते, आणि युरोपच्या इतिहासात असे घडलेही आहे. या आक्षेपाला केवळ सिद्धान्ताने उत्तर देता येत नाही. डिट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९४० मध्ये स्तोत्रांवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. स्तोत्रे ही ख्रिस्ताची प्रार्थना आहे आणि शापस्तोत्रांतील क्रोधसुद्धा ख्रिस्ताने स्वतःवर घेतला, हे तिचे प्रतिपादन. एका दृष्टीने हे टोकाचे ख्रिस्तकेंद्री वाचन आहे. पण याच बोनहोफरने आपल्या बायबलात चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात, देशातील प्रार्थनास्थळे जाळली गेल्याचा विलाप जेथे येतो तेथे, एक तारीख लिहून ठेवली होती : ९-११-३८. १९३८ च्या नोव्हेंबरातील त्या रात्री जर्मनीत यहुद्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली होती. स्तोत्रात ख्रिस्ताचा आवाज ऐकणाऱ्या या वाचकाला त्या रात्री त्यात यहुद्यांचा आवाज ऐकू आला. एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली. तुरुंगातही स्तोत्रांचे नित्य वाचन त्याने सोडले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आली. एक्याण्णवाव्या स्तोत्राचे शब्दशः संरक्षण त्यालाही लाभले नाही.

समासातील ही तारीख ख्रिस्ती वाचनाची कसोटी म्हणून पुढे ठेवता येईल. स्तोत्रांतील आश्रय ख्रिस्ताच्या ठायी शोधणारे वाचन वाङ्मयीन दृष्ट्या केव्हा प्रामाणिक ठरते? ते संकटाचा अरुंदपणा पुसून टाकीत नाही तेव्हा. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रासारखे, अंधार या शब्दाशीच थांबणारे कवन तसेच राहू देते तेव्हा. आणि ज्याला आश्रयदाता मानले त्याला डोके टेकायला ठाव नव्हता हे विसरत नाही तेव्हा. पंख आणि खडक या दोन प्रतिमांतले अंतर स्तोत्रकाराने कधी मिटविले नाही. ख्रिस्ती वाचकाने त्या दोहोंमध्ये क्रूस उभा केला. त्या क्रुसाच्या सावलीत उभे राहणाऱ्याला आपल्या शेजारी आणखी कोण निराश्रित उभे आहे हे दिसत असेल, तोवर ही सावली स्तोत्रांतील सावलीशी इमान राखून आहे, असे म्हणता येईल.